मोटर गेली की रेझिस्टर? गाडीचा ब्लोअर बंद पडल्यावर आधी काय तपासायचं

(पावसाळ्यापूर्वीच्या मासिक सभेत, गाडी चालवणाऱ्या गटांसमोर क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर वाचून मागे दोघी-तिघी हसल्या, मी पाहिलं. बचत, कर्ज, परतफेड सोडून मॅडमनी आज गाडीची मोटर कुठून काढली? सांगते. मी काही मेकॅनिक नाही. मी समाजकार्य शिकलेली मुलगी. पण आपल्या काही गटांनी गाड्या घेतल्या आहेत. केंद्र सरकारने २०१७ साली ‘आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना’ सुरू केली, ती याचसाठी की जिथे एसटी कमी जाते तिथे बचत गटातल्या बायांची गाडी जावी. गाडी आली की हप्ता आला, डिझेल आलं आणि दुरुस्तीही आली. दुरुस्तीचं बिल गटाच्या पैशातून जातं. म्हणून हा विषय बचतीचाच आहे.

गाडीत शंभर गोष्टी बिघडतात. त्यातला ब्लोअरच का निवडला? कारण पुढच्या महिन्यात पाऊस लागेल, आणि इगतपुरी-घोटीकडचा पाऊस कसा असतो हे मी तुम्हाला काय सांगणार! गाडीत आठ माणसं बसलेली, कपडे ओले, छत्र्या ओल्या, काचा वर केलेल्या. पाच मिनिटांत पुढच्या काचेवर आतून वाफ धरते. ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही. तेव्हा जो पंखा काचेवर वारा सोडून ती वाफ घालवतो, तो ब्लोअर. तो बंद असेल तर ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरतो आणि दुसऱ्या हाताने फडक्याने काच पुसतो. रात्रीची वेळ, घाटाचा रस्ता, गाडीत बाळंतपणाला निघालेली बाई. म्हणजे ब्लोअर ही चैनीची वस्तू नाही. ब्रेकसारखीच ती सुरक्षेची वस्तू आहे.

ब्लोअर म्हणजे नेमकं काय

हीटरचा पंखा वेगळा आणि एसीचा पंखा वेगळा, असं पुष्कळ जणींना वाटतं. आपल्या साध्या गाड्यांत पुढे पंखा एकच असतो. इंजिनमधलं गरम पाणी डॅशबोर्डच्या आतल्या एका छोट्या जाळीतून फिरतं. त्या जाळीवरून वारा गेला की गरम हवा येते. एसीच्या थंड जाळीवरून गेला की गार हवा येते. दोन्हीकडे वारा ढकलणारा पंखा तोच. म्हणून हीटरचा वारा बंद झाला तर एसीचाही बंद होतो, आणि काचेवरचाही.

हा पंखा बहुतेक गाड्यांत डावीकडे असतो. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर कागदपत्रं ठेवायचा कप्पा असतो ना, त्याच्या मागे किंवा खाली. गोल पिंजऱ्यासारखा पंखा आणि त्याला जोडलेली १२ व्होल्टची छोटी मोटर.

आता त्या मोटरपर्यंत वीज कशी पोहोचते ते बघा. हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. आपल्याकडे कर्जाचा पैसा कसा येतो? बँकेतून संघाकडे, संघाकडून गटाकडे, गटाकडून सभासदाकडे. सभासदाच्या हातात पैसा पडला नाही तर आपण लगेच म्हणत नाही की सभासदाचीच चूक. आपण विचारतो, पैसा अडकला कुठे? बँकेतून निघाला का? संघाच्या पासबुकात दिसतो का? एकेक टप्पा बघत जातो.

विजेचंही तसंच. बॅटरीतून निघते, फ्यूजमधून जाते, मग रिले, मग आपण फिरवतो ते नंबरचं बटण, मग रेझिस्टर नावाचा छोटा भाग, मग मोटर, आणि शेवटी गाडीच्या पत्र्याला म्हणजे अर्थला जाऊन मिळते. काही गाड्यांत बटण आणि रेझिस्टर मोटरच्या आधी असतात, काहींत मोटरच्या नंतर, अर्थच्या बाजूला. पण टप्पे तेच. यातला एक जरी तुटला तरी पंखा बंद. आणि गॅरेजमध्ये ऐकायला काय मिळतं? “ताई, मोटर गेली.”

मोटर जातेच, नाही असं नाही. पण या रांगेत सगळ्यात महाग भागांपैकी एक मोटर आहे. फ्यूज काही रुपयांत मिळतो, रेझिस्टर साधारण काही शेकड्यांत, मोटर मात्र बऱ्याचदा हजारांत जाते. म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करायची. आजच्या बोलण्यातलं हे एकच वाक्य लक्षात राहिलं तरी माझं काम झालं.

आधी गाडी काय सांगते ते ऐका

डॉक्टर आधी विचारतात ना, ताप कधीपासून, थंडी वाजते का? तसंच चावी चालू करा, ब्लोअर एक, दोन, तीन, चार अशा प्रत्येक नंबरवर फिरवून बघा आणि काय होतं ते वहीत लिहा. अर्धं उत्तर इथेच मिळतं.

कुठल्याच नंबरवर पंखा फिरत नसेल, तर फ्यूज, रिले, बटण, वायर किंवा मोटर यांपैकी काहीतरी आहे. इथे सगळी रांग तपासावी लागते.

एक, दोन, तीनवर बंद, पण शेवटच्या नंबरवर जोरात चालत असेल, तर मोटर चांगली आहे. संशय रेझिस्टरवर. कारण कमी नंबरवर वीज रेझिस्टरमधून कमी होऊन जाते, आणि शेवटच्या नंबरवर रेझिस्टरला वगळून सरळ जाते.

डॅशबोर्डच्या खाली थाप मारली की चालू, पुन्हा खड्ड्यात आदळली की बंद, असं होत असेल तर मोटरचे कार्बन झिजलेत किंवा कपलर ढिला झालाय. कपलर म्हणजे वायर मोटरला जोडणारं प्लास्टिकचं टोपण. कार्बन तुम्हाला माहीत आहेत. मिक्सरचे जातात तेच. कपलर असेल तर तो नीट बसवून काम होतं, मोटर नको.

खडखड, फडफड आवाज येत असेल, तर पंख्यात वाळली पानं, काड्या, नाहीतर उंदराने आणलेला कापूस अडकलाय. गाडी झाडाखाली उभी राहते, पानं आत जातात. सतत किंचाळल्यासारखा आवाज असेल तर बेरिंग किंवा बुश झिजला असेल.

पंख्याचा आवाज भरपूर पण वारा कमी, तर केबिन फिल्टर भरलाय का बघा. हा फिल्टर बहुतेक कप्प्याच्या मागेच असतो. आपल्या मातीच्या रस्त्यांवर तो लवकर भरतो. मात्र सगळ्याच गाड्यांना हा फिल्टर नसतो.

वारा भरपूर येतोय पण हीटर लावूनही गरम येत नाही, तर ब्लोअरला दोष देऊ नका. त्याचं काम तो करतोय. तिथे कुलंटचं पाणी कमी आहे का, ते फिरतं का, हे बघायचं. आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडल्यासारखं होईल.

शेवटचं. जळका वास आला, धूर दिसला, तर तपासणी वगैरे काही नाही. ब्लोअर बंद, गाडी बाजूला, चावी बंद, माणसं खाली. त्यानंतर मेकॅनिक.

एका गटाची गोष्ट

आपल्याच भागातल्या एका गटाची गाडी. आठ सीटर. मागच्या पावसात तिचा ब्लोअर पहिल्या तीन नंबरवर बंद झाला. ड्रायव्हरने गॅरेजला नेली. फोन आला, मोटर बदलावी लागेल, पैसे पाठवा. गटाच्या सचिवताईंनी पैसे लगेच पाठवले नाहीत. त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, “मोटर गेली म्हणता, तर मग चार नंबरवर कशी चालते?”

समोरचा माणूस गप्प झाला. मग म्हणाला, “बघून सांगतो.”

ताईंनी गाडी तिथून आणली आणि तालुक्याच्या गावात वायरिंगचं काम करणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. त्याने रेझिस्टर काढून दाखवला. त्याची बारीक वेटोळी तार तुटलेली होती. पण तो माणूस जाणकार. तो तिथे थांबला नाही. म्हणाला, “हा जळला कशाने ते बघू.” पंखा खाली काढला तर आत वाळल्या पानांचा गोळा. पंखा जड फिरत होता, म्हणून मोटर जास्त वीज ओढत होती. आणि रेझिस्टर बसलेला असतो वाऱ्याच्या वाटेवर, म्हणजे तापला की ब्लोअरचाच वारा त्याला गार करतो. वारा कमी झाला आणि तो जळला. पानं काढली, पंखा हाताने फिरवला, मोकळा फिरला. रेझिस्टर नवा टाकला, कपलर काळा पडला होता तोही बदलला. मोटर जुनीच राहिली.

आता नीट विचार करा. नुसती मोटर बदलली असती तर काय झालं असतं? पैसे गेले असते, आणि पहिले तीन नंबर तरीही बंदच राहिले असते. आणि नुसता रेझिस्टर बदलून पानं तशीच ठेवली असती, तर तोही पुन्हा जळला असता. म्हणून भाग बदलण्याआधी कारण विचारायचं. आपल्या हिशोबात शंभर रुपये कमी आले तर आपण खिशातून शंभर घालून वही बंद करत नाही ना? नोंद शोधतो. तसंच.

तपासणीचा क्रम

यातलं काही तुम्ही स्वतः करू शकता, काही जाणकाराकडून आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यायचं. आधी एक गोष्ट. गाडी वॉरंटीत असेल तर काहीही उघडू नका, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. उघडलीत तर वॉरंटीवरून वाद होतो.

पहिलं, फ्यूज. चावी बंद करा. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात ब्लोअरचा फ्यूज कोणता ते दिलेलं असतं. तो ओढून काढा, उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली असेल तर फ्यूज उडाला. तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. फ्यूजवर आकडा असतो आणि रंगही ठरलेला असतो. २० चा पिवळा, २५ चा पांढरा-पारदर्शक, ३० चा हिरवा. २० च्या जागी ३० घालायचा नाही. आणि तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद तर मुळीच घालायचा नाही. फ्यूज हा राखणदार आहे. त्याला बाजूला केलं की वायर जळते, आणि वायर जळाली की गाडी पेटू शकते. नवा फ्यूज घातल्याबरोबर पुन्हा उडाला तर तिसरा घालू नका. आत कुठेतरी शॉर्ट आहे किंवा मोटर जाम आहे.

दुसरं, रिले. फ्यूज चांगला असेल तर रिले बघायचा. डब्यात त्याच आकाराचा, त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर इलेक्ट्रिशियन अदलाबदल करून बघतो. पंखा चालू झाला तर रिले दोषी.

तिसरं, कपलर. मोटरचा आणि रेझिस्टरचा कपलर काढून बघायला सांगा. काळा पडलाय का, वितळलाय का, पिना हिरव्या झाल्यात का. ओलाव्याने गंज धरतो.

चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. मोटरला वीज पोहोचते का? मोटरचा कपलर काढायचा, चावी चालू, ब्लोअर शेवटच्या नंबरवर. कपलरच्या दोन पिनांना १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावायचा. लॅम्प लख्ख लागला, मीटरवर १२ च्या आसपास आलं, तर वीज मोटरच्या दारापर्यंत येते आहे. तरीही मोटर फिरत नसेल, तर आता म्हणता येईल की मोटर गेली. लॅम्प लागलाच नाही तर मोटरला हात लावायचं कारण नाही. बिघाड मागे आहे. लॅम्प मिणमिणता लागला तर कुठेतरी जोड ढिला आहे किंवा अर्थ नीट नाही.

पाचवं, खात्रीसाठी. मोटर बाहेर काढली असेल तर मेकॅनिकला म्हणायचं, “दादा, थेट बॅटरीवर लावून दाखवा.” फिरली, मोकळी फिरली, आवाज नाही, तर ती चांगली. नाही फिरली तर नवी घ्यायची, खुशाल घ्यायची. मग ते पैसे वाया गेले असं म्हणता येणार नाही.

ज्या गाड्यांत नंबरचं फिरतं बटण नाही आणि हवा आपोआप कमी-जास्त होते, तिथे साध्या रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक भाग असतो. त्या गाडीवर घरी प्रयोग नको.

आता सांभाळायच्या गोष्टी. बॅटरीजवळ हात घालण्याआधी अंगठी, धातूच्या बांगड्या काढून ठेवा. त्या दोन टोकांना टेकल्या तर चटका बसतो, ठिणगी उडते. बॉनेट उघडं आणि इंजिन चालू असताना पदर, ओढणी, वेणी आवरून लांब उभ्या राहा. भाग काढायचा असेल तर बॅटरीचं मायनस टोक आधी सोडवायला सांगा. आणि डॅशबोर्डखाली पिवळ्या कपलरच्या वायर दिसल्या तर त्यांना हात लावायचा नाही. त्या एअरबॅगच्या असतात.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

ताई, मला एक नेहमी जाणवतं. गाडी गटाच्या नावावर, हप्ता गटाचा, पण गॅरेजमध्ये जातो ड्रायव्हर, नाहीतर कोणाचा तरी मालक. आपण फक्त पैसे पाठवतो. मेकॅनिकशी बोलायला संकोच वाटतो, “आम्हाला काय कळतं” असं आपणच म्हणतो. बँकेतही आपण पहिल्यांदा असंच म्हणत होतो. आता मॅनेजरला व्याजाचा दर विचारतो की नाही?

सगळेच मेकॅनिक फसवतात असं मी म्हणत नाही. घाईत असतात, गिऱ्हाइकं थांबलेली असतात, अख्खा भाग बदलणं त्यांना सोपं पडतं. आपण प्रश्न विचारला की तेही नीट बघतात. तर चार प्रश्न पाठ करा. कोणत्या नंबरवर चालतो आणि कोणत्या नाही? कपलरवर वीज येते का, मला दाखवाल का? हा भाग कशामुळे गेला? जुना भाग परत द्याल का?

काम सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज लिहून घ्या. नंतर पक्कं बिल घ्या, त्यावर भागाचं नाव आणि मजुरी वेगवेगळी हवी. बिल आहे म्हणजे पुरावा आहे. पैसे घेऊन काम झालंच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्ह्याला ग्राहक आयोग असतो. पण बिलाशिवाय तिथे आपलं म्हणणं लंगडं पडतं.

गाडीची एक वेगळी वही करा. तारीख, किलोमीटर, काय बिघडलं, काय बदललं, किती गेले. पुढच्या वर्षी तोच रेझिस्टर पुन्हा गेला तर वहीच सांगेल की मूळ दुखणं दुसरीकडे आहे.

या महिन्यात काय करायचं

गाडी असलेल्या प्रत्येक गटाने पाऊस लागायच्या आत पाच कामं करायची आहेत. ब्लोअर चारही नंबरवर चालवून बघा. काचेवरचा वारा येतो का ते हात लावून बघा. फिल्टर असेल तर साफ करा किंवा बदला. बॉनेटखाली, पुढच्या काचेच्या बुडाशी जाळीत साचलेली पानं काढा, हवा तिथूनच आत जाते. आणि योग्य अँपिअरचे दोन फ्यूज, एक टॉर्च आणि एक स्वच्छ सुती फडकं गाडीत ठेवा.

ड्रायव्हरलाही सांगा. आतून वाफ धरली की वारा काचेकडे वळवायचा, एसी असेल तर तोही लावायचा, एसी हवेतला ओलावा ओढून घेतो. आणि वाटेत ब्लोअर बंदच पडला तर खिडक्या थोड्या खाली करायच्या, वेग कमी करायचा, आणि समोरचं दिसत नसेल तर सुरक्षित जागी थांबून काच पुसायची. उशीर झाला तर चालेल. चालत्या गाडीत एका हाताने काच पुसणं आपल्या गटाच्या गाडीत चालणार नाही, असा ठरावच पुढच्या बैठकीत घ्या आणि वहीत लिहा.

पुढच्या मासिक सभेला प्रत्येक गटाने गाडीची वही घेऊन यायची आहे. मी बघणार आहे. ज्यांच्या गाडीत काही अडलं असेल त्यांनी लक्षणं लिहून आणा, आपण सगळ्या मिळून बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधू.

आता चहा घ्या, आणि ज्यांची गाडी बाहेर उभी आहे त्यांनी चहानंतर माझ्याबरोबर या. फ्यूजचा डबा कुठे असतो ते प्रत्यक्ष उघडून बघू.